मिशन शाळेतल्या शिपाई मामांचा आणि सेविका मावशींचा निरोप समारंभ कसा करावा?

जालनेकर_शिक्षक (प्रश्न)

नमस्कार. आमची शाळा जालना जिल्ह्यातली, मिशनची. मराठी माध्यम शंभर टक्के अनुदानित, त्याच आवारात इंग्रजी माध्यम विनाअनुदानित. ३१ मे २०२७ ला दोघं निवृत्त होतायत. एक शिपाई मामा, १९९४ पासून अनुदानित विभागात. दुसऱ्या सेविका मावशी, २००५ पासून इंग्रजी विभागात, वर्गसफाई आणि लहान मुलांचं बघतात. मामा ख्रिस्ती आहेत, मावशी नाहीत.

दरवेळी ठरलेलं असतं: शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, चार भाषणं, सामोसा. यावेळी नीट करायचं ठरलंय. कार्यक्रम कधी ठेवावा, उपासनेचा भाग किती असावा, भेट काय द्यावी, मानपत्रात काय लिहावं? वेळ आहे हातात, म्हणून आत्ताच विचारतोय.

लेखणी_आणि_लेजर

कार्यक्रमाचं नंतर बघा. आधी मामांचं सेवापुस्तक काढा. निवृत्तीनंतर वर्षभर माणूस शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत असेल, तर तुमच्या शालीला काय अर्थ राहतो?

अनुदानित शाळेत लिपिक, शिक्षक ५८ ला आणि चतुर्थ श्रेणी (शिपाई वगैरे) ६० ला निवृत्त होतो, हे १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत आहे. तुमच्या दोघांचीही जन्मतारीख बहुतेक १ जून असणार. इकडं त्या पिढीत निम्म्या लोकांची तीच आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. एक तारखेला जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, म्हणून ३१ मे.

मामांचा पेन्शन प्रस्ताव निवृत्तीच्या सहा महिने आधी, म्हणजे नोव्हेंबर २०२६ अखेरपर्यंत, शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत महालेखापाल नागपूरकडे गेला पाहिजे. (मराठवाड्याची प्रकरणं नागपूरला जातात, मुंबईला नाही. पाकिटावर चुकीचा पत्ता टाकून दोन महिने घालवणारे लिपिक आहेत.) त्याआधी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून तपासून यावं लागतं. खोळंबा होतो तो इथंच. प्रत्येक वेतन आयोगाची वेतननिश्चिती, कालबद्ध पदोन्नतीची नोंद, संपकाळातल्या किंवा विनावेतन रजेच्या नोंदी, यातली एक जरी अर्धवट असली तरी पुस्तक आक्षेपासह परत येतं. जास्तीचं वेतन दिलं गेल्याचं निघालं तर वसुली निघू शकते, आणि ती उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापली जाऊ शकते. हे मामांना कार्यक्रमानंतर कळण्यापेक्षा आत्ता कळू द्या.

नावाचा घोळ मिशन शाळांत जास्त. सेवापुस्तकात एक नाव, बाप्तिस्म्यानंतरचं दुसरं, आधारवर तिसरं, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं. सेवापुस्तक, आधार, पॅन आणि बँक पासबुक ही चार कागदं एका टेबलावर शेजारीशेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. फरक स्पेलिंगचा असेल तर आधार किंवा बँकेत दुरुस्ती करून घ्या, ते सोपं पडतं. सेवापुस्तकातलं नावच बदलायचं असेल तर राजपत्र लागतं आणि त्याला वेळ जातो. पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो, तोही आत्ताच काढून ठेवा. नामनिर्देशन बघा; १९९४ ला आईचं नाव लावलेलं असतं आणि ते तसंच राहून जातं.

याशिवाय भविष्य निर्वाह निधीचा अंतिम परतावा वेतन पथकाकडून, आणि शिल्लक अर्जित रजेचं रोखीकरण, कमाल ३०० दिवस. रजेचा हिशेब सेवापुस्तकात वर्षनिहाय उतरवलेला नसेल तर हे पैसे अडकतात.

कार्यक्रमाच्या दिवशी मामांच्या हातात एक फाइल द्या: सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत, प्रस्तावाचा जावक क्रमांक आणि तारीख, नामनिर्देशनाच्या प्रती, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात "कोणते पैसे कुठून येणार, कुणाला विचारायचं". कार्यमुक्तीचा आदेश आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र ३१ मे ला द्या. तारीख आधीची टाकू नका. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेही त्याच कागदावर लिहा. विसरलं की पेन्शन थांबते.

जालनेकर_शिक्षक

फार उपयोगी. मावशींचं काय? त्यांना पेन्शन नाही असं संस्थेत सगळे धरून चालतात. पगार मूळ आणि महागाई मिळून १४,००० आहे. पीएफ सुरुवातीपासून कापला जातो.

लेखणी_आणि_लेजर

धरून चालू नका. पीएफ कापला जातोय आणि दहा वर्षांच्या वर झालीत, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची छोटी का होईना पेन्शन आहे. आणि ती ५८ व्या वर्षापासून देय होते, ६० पासून नाही! मावशींचे ५८ होऊन गेलेत. त्यांनी अजून फॉर्म १०-डी (या पेन्शनचा अर्ज) भरला नसेल तर आत्ताच भरून घ्या, मागची थकबाकी मागता येते. ५८ नंतर पेन्शन खात्यातली वर्गणी थांबून मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जायला हवा, तो तसा जातोय का तेही पासबुकात बघा. पीएफची रक्कम फॉर्म १९ ने, नोकरी सुटल्याची तारीख शाळेनं पीएफच्या पोर्टलवर टाकल्यानंतर. ही तारीख टाकायला शाळा विसरते आणि मावशी सायबर कॅफेत हेलपाटे घालतात.

ग्रॅच्युइटी संस्थेनं द्यायची आहे. शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. १४,००० आणि २२ वर्षं धरली तर १,७७,६९२ रुपये. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. तीस दिवसांत द्यायची, नंतर व्याज लागतं. संस्थेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम आत्ताच धरायला लावा, नाहीतर जूनमध्ये "फी जमा झाली की बघू" असं उत्तर मिळेल. आणि एक सांगतो, ग्रॅच्युइटीचा धनादेश स्टेजवर भेट म्हणून देऊ नका. तो त्यांचा हक्काचा पैसा आहे. बक्षीस दिल्यासारखा फोटो काढणं शोभत नाही.

परभणीची_बाई

कार्यक्रमाबद्दल मी लिहिते.

तारीख: ३१ मे ला शाळा बंद, मुलं गावाला, अर्धे शिक्षक लग्नात. त्या दिवशी ठेवला तर रिकाम्या खुर्च्यांसमोर होतो. १ मे ला झेंडावंदन आणि निकाल, त्या गर्दीत पालक निकाल हातात पडला की निघून जातात. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे उपवासकाळ आणि पवित्र आठवडा मार्चमध्येच संपतोय, एप्रिल मोकळा. २४ एप्रिलला शनिवार आहे, परीक्षेच्या वेळापत्रकाशी जुळत असेल तर तो धरा. सकाळी साडेसातला सुरू, नवाच्या आत संपलेला. साडेनवानंतर पत्र्याच्या मंडपाखाली एप्रिलात बसवत नाही. व्हरांडा किंवा झाडाची सावली बघा.

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी खुर्च्या कोण मांडणार? घंटा कोण देणार, पाहुण्यांना पाणी कोण देणार, चर्चची सतरंजी कोण आणणार? निम्म्या शाळांत ज्यांचा सत्कार आहे तेच सकाळी सहाला येऊन खुर्च्या लावतात आणि कार्यक्रमानंतर त्याच गोळा करतात. सवय इतकी असते की तुम्ही बसा म्हटलं तरी ते उठतात. म्हणून कामाची वाटणी आदल्या सोमवारी फलकावर नावानिशी लावा, शिक्षकांची नावं: खुर्च्या दोघं, माइक एक, पाणी दोघं, घंटा एक, नंतरची झाडलोट चौघं. आणि मामा-मावशींना घरून आणायला गाडी पाठवा, कुटुंबासकट, कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी पोचेल अशी. लवकर आले की ते कामाला लागलेच म्हणून समजा.

स्टेजवर त्यांची खुर्ची इतरांसारखीच, मधली. मुख्याध्यापकांना उशीची खुर्ची आणि मामांना प्लास्टिकची, हे फोटोत कायमचं राहतं. कुटुंब पहिल्या रांगेत, त्या रांगेवर कागद चिकटवून ठेवा, नाहीतर संस्थेचे सदस्य येऊन बसतात.

इकडच्या कार्यक्रमांचा खरा शत्रू म्हणजे पाहुण्यांचे सत्कार. बारा पाहुणे, प्रत्येकी हार आणि टाळ्या, वीस मिनिटं तिथंच जातात आणि ज्यांच्यासाठी जमलो ते घाम पुसत बसलेले. बाहेरचा पाहुणा बोलावूच नका. सगळं मिळून तास-सव्वा तासाचा ठेवा. प्रार्थनागीत आणि शास्त्रपठण (बायबलवाचन) सात मिनिटं. दोन्ही मानपत्रं वाचायला प्रत्येकी दोन मिनिटं. शाल आणि भेट. मग बोलणारे चार. एक जुना शिक्षक, एक आजी विद्यार्थी, एक माजी विद्यार्थी, आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांपैकी एक जण. हा चौथा विसरू नका. सोबत झाडू मारलेल्या माणसाला जे माहीत असतं ते मुख्याध्यापकाला नसतं. प्रत्येकी तीन मिनिटं. सत्कारमूर्तींना बोलायचं असेल तर बोलू द्या, पण माइक तोंडाशी धरून "दोन शब्द" म्हणत आग्रह करू नका. आदल्या दिवशी विचारून ठेवा. बोलायचं नसेल तर त्यांच्या वतीनं मुलगा किंवा सून बोलेल.

दोघांचं एकत्र करताय ते ठीक, पण मामांना १९९४ पासूनचा मान म्हणून पंधरा मिनिटं आणि मावशींना पाच, असं होऊ देऊ नका. घड्याळ लावून समान वेळ. विनाअनुदानित माणूस दुय्यम, हे सगळ्यांना न सांगता कळतं.

पाळक_मराठवाडा

उपासनेच्या भागाबद्दल.

एक, मावशींना आधी विचारा: प्रार्थना करताना तुमच्या डोक्यावर हात ठेवलेला चालेल का? चालेल म्हणाल्या तर ठीक, नाहीतर त्या बसलेल्या असताना सगळ्यांसाठी सामुदायिक प्रार्थना करावी. गुडघे टेकवायला लावू नये. वर्षानुवर्षं मिशन शाळेत काम केलेल्या बहुतेकांना प्रार्थना परकी नसते, पण विचारणं हाच मान आहे.

दोन, शास्त्रपाठ. बहुतेक ठिकाणी मत्तय २५ काढतात, "शाब्बास, भल्या व विश्वासू दासा". कृपा करून शिपायाच्या सत्काराला हा उतारा वाचू नका. मंडळीत बसलेल्या माणसाला तो धन्यानं नोकराला दिलेल्या शाबासकीसारखा ऐकू येतो. योहान १३, पाय धुण्याचा प्रसंग, वाचायला सुंदर. पण त्यावरून स्टेजवर मुलांकडून पाय धुवून घेण्याचं नाटक नको. मामा संकोचून जातात आणि फोटोसाठी सगळ्यांचे मोबाइल वर होतात.

त्यापेक्षा रोमकरांस पत्र १६ घ्या. पौल तिथं दोन डझनांवर माणसांची नावं एकेक करून घेतो, कुणी काय श्रम केले तेही सांगतो, आणि सुरुवात फिबी नावाच्या बहिणीपासून करतो. पहिल्या सात-आठ ओव्या (वचनं) पुरतात. नावं अवघड आहेत, वाचणाऱ्याकडून दोनदा सराव करून घ्या. किंवा १ करिंथ १२ मधला शरीराच्या अवयवांचा भाग. दोघांपैकी एक जण ख्रिस्ती नसल्यानं स्तोत्र १२१ सगळ्यांना भिडेल, त्यातलं येणंजाणं सांभाळण्याचं वचन फाटकाशी उभं राहणाऱ्या माणसासाठी चपखल आहे. शेवटी आशीर्वाद गणना ६:२४-२६, अर्ध्या मिनिटाचा. उपदेश नको. पाळकाला बोलावलं की तो वीस मिनिटं घेतो, हे मी पाळक असून सांगतो. आधीच "फक्त प्रार्थना" असं सांगा.

मामांसाठी त्यांच्या मंडळीत (चर्चमध्ये) ३० मे च्या रविवारी उपकारस्तुती (आभाराची उपासना) ठेवता येईल, निवृत्तीच्या आदल्या दिवशीच येतोय. तिथं हवं तितकं गावं.

बीडकर_९९

नारळ द्यावा का नाही यावर आमच्याकडं दरवेळी वाद होतो. काही मंडळ्यांत चालतो, काहींत नाही. पाळक काय म्हणतात?

पाळक_मराठवाडा

न फोडता फळ म्हणून देण्यात मला काही वावगं दिसत नाही, पण घरच्यांना अवघड वाटणार असेल तर रोप द्या. कुंकू लावणं, औक्षण, ओटी भरणं मात्र शाळेच्या कार्यक्रमात नकोच, आणि हे केवळ ख्रिस्ती म्हणून नाही. ओटी म्हटलं की सवाष्ण कोण, विधवा कोण हा प्रश्न येतो, आणि सेविका बायकांत विधवा पुष्कळ असतात. स्टेजवर एखादीला वगळावं लागेल असा प्रकार मुळातच ठेवू नये.

परभणीची_बाई

पूर्ण सहमत. साडी द्यायची तर बंद पिशवीतून, घरी बघतील.

छपाईवाला

मानपत्राचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथंच होऊ लालेत.

मजकूर १२० ते १५० शब्द, जास्त नाही. ए-थ्री कागद, अक्षर कमीत कमी १८ पॉइंट, वय साठ आहे हे ध्यानात ठेवा. नाव सेवापुस्तकाप्रमाणे पूर्ण, पुढं श्री. किंवा श्रीमती. "शिपाई मामा" बोलायला गोड, पण भिंतीवरच्या कागदावर पूर्ण नाव पाहिजे; मजकुरात खाली एकदा मामा म्हणा.

"कर्तव्यदक्ष, प्रामाणिक, मनमिळाऊ, हसतमुख" हे चार शब्द कुणालाही लागू पडतात, म्हणून कुणालाच लागत नाहीत. काम लिहा. किती मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केलं, बोअरची मोटार कोण सांभाळत होतं, दहावीच्या प्रश्नपत्रिकांचं पाकीट कस्टडीतून आणायला कोण सोबत जायचं, ट्यूबवेल आटली त्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी कुणी वाटून दिलं, शी-शू झालेल्या बालवाडीच्या पोरांना कोण धुऊन-पुसून परत वर्गात बसवायचं. हे खरं असेल तेवढंच, घरच्यांना आणि सहकाऱ्यांना विचारून.

आता छपाई. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करता, आमच्या बहुतेक दुकानांत श्रीलिपी (जुन्या पद्धतीचे फॉन्ट) चालते. बदलताना रफार दुसऱ्या अक्षरावर जातो, "ऱ्या" तुटतो, "ज्ञ" आणि "श्र" गायब होतात. कर्मचाऱ्यांचा "कर्मचार्यांचा" होतो. म्हणून व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवून मोकळे होऊ नका. नमुना प्रत कागदावर छापून घ्या, दोघांनी वाचा, त्यातला एक मराठीचा शिक्षक नको, कारण तो अर्थ वाचत जातो आणि अक्षरं सुटतात. नाव शेवटून उलटं वाचून बघा. आठ दिवस आधी द्या, लग्नसराईत एप्रिल-मे मध्ये दुकानांत पत्रिकांचा ढीग असतो.

लॅमिनेशन करू नका, दोन पावसाळ्यांत फुगून कडा सुटतात. काचेची फ्रेम, मागं प्लायवुड, आणि टांगायला दोन कड्या. पत्र्याच्या घरात भिंतीला खिळा बसतो का तेही विचारा.

लेखणी_आणि_लेजर

भेटीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून परत येतो.

घड्याळ नको. आधीच्या वीस जणांकडं शाळेची घड्याळं आहेत. घरच्यांना, शक्यतो सुनेला किंवा मुलीला, महिनाभर आधी विचारा की घरात काय पाहिजे. कूलर, लोखंडी कपाट, खाट-गादी, मिक्सर, असं काहीतरी निघतं. मेच्या उन्हात कूलरइतकी भेट उपयोगी नाही, पण वीज आणि पाणी दोन्ही आहे का ते बघून. शाल द्यायचीच तर हिमरूची द्या, संभाजीनगरची ओळख आहे. हातमागाची आणि यंत्रावरची यात किमतीचा मोठा फरक असतो, दुकानदाराला स्पष्ट विचारा.

वर्गणी कर्मचाऱ्यांकडूनच, सगळ्यांची सारखी, आणि आकडा इतका लहान की सर्वात कमी पगाराच्या माणसाला जड जाऊ नये. मुलांकडून गोळा करू नका. मुलांनी पाहिजे तर हातानं पत्रं लिहावीत. ती एका वहीत चिकटवून द्या, वर्गणीपेक्षा भारी पडते. रक्कम पाकिटात द्या, माइकवरून आकडा सांगू नका. रोखीनं दिली तर नातेवाइकांत त्याच दिवशी वाटून जाते. दोघांचे साठ पूर्ण झाल्यावर पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं निघतं, कमीत कमी हजार रुपयांपासून, दर तिमाहीला व्याज हातात. निधीचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले की एक शिक्षक सोबत जाऊन खातं उघडून देईल, असं ठरवून ठेवा.

मामा मिशन कंपाउंडमधल्या खोलीत राहत असतील तर खोली कधी सोडायची याचं लेखी पत्र जानेवारीतच द्या, मुदतीसह. भाषणात "शाळेचं दार तुमच्यासाठी सदैव उघडं" आणि आठवड्यानं खोलीला कुलूप, असं व्हायला नको.

बीडकर_९९

जेवणाचं राहिलं. सामोसा नको, बसून पंगत करा, वाढायला शिक्षक. सकाळी नवाला संपतंय म्हणजे साडेनवाला जेवण जमत नाही असं वाटेल, पण सकाळच्या शाळेत सहाला उठलेल्याला साडेदहाला भूक लागलेली असते.

६० माणसांना तांदूळ ५ किलो, तूरडाळ २ किलो, कणीक ७ किलो (पोळ्या बाहेरून लाटून आणा, सेविकांना लाटायला बसवू नका), वांग्याची भाजी ७ किलोची, शिऱ्याला रवा २ किलो, साखर २, तूप सव्वा किलो. ताक भरपूर. २० लिटरचे चार जार पाणी, एप्रिलात तीन पुरत नाहीत. मटण करायचं मनात असेल तर शाकाहारी पंगत वेगळी नीट ठेवा, आणि शनिवार असल्यानं काहींना चालणार नाही ते धरून आकडा काढा. हार झेंडूचे, गुलाबाचे नको. पहाटे आणून ओल्या फडक्यात ठेवा.

जालनेकर_शिक्षक

सगळ्यांचे आभार. सेवापुस्तक उद्याच काढतो, मावशींचा १०-डी या आठवड्यात. अजून एक: मामा गेल्यावर नवा शिपाई मिळेल का? चाव्या, मोटार, सगळं त्यांच्याच डोक्यात आहे.

लेखणी_आणि_लेजर

११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळेतलं शिपायाचं पद निवृत्तीनं रिकामं झालं की ते व्यपगत (रद्द) होऊन शाळेला शिपाई भत्ता मिळण्याची तरतूद आली. त्यामुळं नियमित माणूस येईल या भरवशावर राहू नका. फेब्रुवारीतच एक शिक्षक रोज अर्धा तास मामांसोबत फिरवा, आठवडाभर. प्रत्येक चावीला पत्र्याचा बिल्ला आणि क्रमांक, क्रमांकाची यादी वहीत. बोअरचा स्टार्टर कोणत्या फेजवर चालतो, टाकी भरायला किती मिनिटं लागतात, कोणता व्हॉल्व्ह उलटा फिरतो, मेन स्विच कुठं, जुने दाखल-खारीज रजिस्टर कोणत्या कपाटात, मुलींच्या स्वच्छतागृहाची पाइप कुठं तुंबते. मावशींकडूनही तसंच. त्या वहीच्या पहिल्या पानावर "माहिती देणार" म्हणून दोघांची पूर्ण नावं घाला. आणि हे काम एप्रिलच्या कार्यक्रमाआधी संपवा, नाहीतर सत्काराच्या दिवशीच कुणीतरी शाल पांघरलेल्या मामांना विचारेल, "लॅबची चावी कुठंय हो?"